टाटाला जायचंय, उतरायचं कुठे?

वहिनी बी-२०३: नमस्कार सर्वांना. मंगळवारी सकाळी १०ला बाबांची टाटा कॅन्सर हॉस्पिटलची तारीख आहे. सोबत मी एकटी, आणि मुंबईत एकटीने फिरायची सवय नाही. परवा सोसायटीच्या ग्रुपवर इथेच विचारलं तर पाच जणांनी पाच वाटा सांगितल्या आणि मग विषय पाण्याच्या टाकीवर गेला तो गेलाच. आज कृपा करून नीट सांगा. आपल्या कोकणातून गेल्यावर ठाणे, दादर की कुर्ला? आणि उतरल्यावर पुढे कसं?

नाना ए-१०१: एसटीने जा. परळला जाणारी गाडी बघ. बाबा ७५च्या वर म्हणजे तिकीट शून्य, तुला बायकांचं अर्धं. गाडी बदलायची भानगड नाही.

सेक्रेटरी: सोमवारी टाकी साफ होणार. सकाळी ९ ते २ पाणी बंद. मेसेज वर जातो म्हणून परत टाकतोय. 🙏

वहिनी बी-२०३: टाकीचं सकाळपासून तीनदा वाचलं. 🙏

भाई सी-३०२: वहिनी, आधी कागद बघा. परळ लिहिलंय की खारघर? टाटाचं हॉस्पिटल खारघरलाही आहे, अ‍ॅक्ट्रेक. खारघर असेल तर दादरपर्यंत जायचंच नाही. पनवेलला उतरून हार्बर लोकल, तिसरं स्टेशन : खांदेश्वर, मानसरोवर, खारघर. हे न बघता लोक दादरला उतरतात आणि पेशंटला घेऊन उलटे मागे येतात.

वहिनी बी-२०३: होमी भाभा ब्लॉक लिहिलंय.

भाई सी-३०२: म्हणजे परळ. मग दादरच. आरक्षण कशात आहे?

वहिनी बी-२०३: सोमवार रात्रीची कोकणकन्या, स्लीपर.

भाई सी-३०२: चांगली आहे. फक्त ती दादरला संपत नाही, पुढे सीएसएमटीला जाते. दादरला थोडाच वेळ थांबते आणि तेव्हा पहाट असते. ठाणं गेलं की सामान दाराजवळ आणा, बाबांना उठवून चपला घालून तयार ठेवा. तुतारी एक्स्प्रेस असती तर ही धावपळ नव्हती, ती दादरलाच संपते.

नाना ए-१०१: म्हणून म्हणतो एसटी. परळला उतरलं की झालं. ७५च्या वर फुकट.

ताई सी-१०२: नाना, फुकट आहे हे कळलं. पण पेशंटला वाटेत बाथरूम लागलं तर बस थांबेपर्यंत धरून बसायचं? रेल्वेत सोय डब्यातच असते. आणि मुंबई-गोवा हायवेचं काम सगळ्यांना माहीत आहे.

नाना ए-१०१: हायवे आता बराच झालाय. काही लोकांना एसटी म्हटलं की कमीपणा वाटतो.

ताई सी-१०२: असं कोणी म्हटलं नाही नाना.

काका ए-३०४: दादरला उतरल्यावर सेंट्रलच्या १ नंबर प्लॅटफॉर्मला या आणि स्लो लोकल धरा. परळ पुढचंच स्टेशन. फास्टमध्ये बसू नका, ती परळला थांबत नाही.

ताई सी-१०२: काका, फास्टचं बरोबर. पण सेंट्रलला १ नंबर राहिला नाही. डिसेंबर २०२३पासून वेस्टर्न १ ते ७ आणि सेंट्रल ८ ते १४. जुना सेंट्रलचा १ तो आता ८, पण परळकडची स्लो कोणत्या नंबरला लागते ते पाटीवर बघायचं. वहिनी १ नंबर शोधत गेल्या तर वेस्टर्नला पोचतील.

काका ए-३०४: तिथले हमाल अजून जुनेच नंबर सांगतात.

ताई सी-१०२: सांगत असतील. पण पाट्या नव्या आहेत, अनाउन्समेंट नव्या नंबरांची आहे. नवीन माणूस पाटीच बघणार ना?

काका ए-३०४: ठीक आहे. तुमचंच खरं.

भाई सी-३०२: नंबरवरून भांडू नका. मुळात या पेशंटला लोकल कशाला? दादरला जिना, परळला जिना, वर चालणं वेगळं, आणि हे सगळं एका स्टेशनासाठी. तिकीट ५ रुपये आहे, पण बाबांचा दम तिथेच जाईल. दादर पूर्वेला बाहेर पडा आणि काळी-पिवळी टॅक्सी घ्या. मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं, अंतर दोनेक किलोमीटर. अमुक इतके द्या म्हणाला तर "मीटर टाका" म्हणायचं, नाही ऐकलं तर मागची टॅक्सी. रिक्षा शोधत बसू नका, शीव-माहीमच्या अलीकडे शहरात रिक्षा नाहीतच.

वहिनी बी-२०३: मेट्रोचं पण कोणीतरी म्हणत होतं.

ताई सी-१०२: ती भुयारी मेट्रो ना, तिचं दादर स्टेशन पश्चिमेला. तुमचं हॉस्पिटल पूर्वेला. या कामाला उपयोग नाही. उजाडल्यावर जायचं तर पूर्वेहूनच बेस्टची बस आहे, ५ किलोमीटरपर्यंत साधी १० रुपये, एसी १२. सुट्टे ठेवा आणि चढण्याआधी कंडक्टरला "टाटा हॉस्पिटल जाणार?" विचारा.

काकू बी-१०४: टाटाहून पुढे नणंदेकडे ना गं, डोंबिवलीला? आंब्याची पेटी नेतेस की नाही? 😄

सेक्रेटरी: पेटी आमच्याकडे ठेवा वहिनी, आम्ही सांभाळू. 😄

भाई सी-३०२: चेष्टा राहू दे, पेटी नेऊच नका. पेशंट एका हाताला आणि पेटी दुसऱ्या, लोकलमध्ये चढणार कसं? मोठं सामान लगेजच्या डब्यात जातं, आणि तो डबा पेशंटच्या उपयोगाचा नाही.

वहिनी बी-२०३: पेटी नाही नेत. डोंबिवलीचं सांगा.

भाई सी-३०२: हॉस्पिटलहून परत टॅक्सीने दादर. परळहून नको, तिथून नुसती स्लो, फार वेळ लागतो. दादरला फास्ट धरा. संध्याकाळी पाचच्या आत. त्यानंतर कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बाबांना चढवता येणार नाही. इंडिकेटरवर "एफ" म्हणजे फास्ट. कल्याण लोकल सगळ्यात सोपी. ठाणा लोकलमध्ये बसू नका, ती ठाण्यालाच संपते. तिकीट रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर किंवा खिडकीवर, आणि काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा. म्हणजे हॉस्पिटलमध्ये नंबर लागायच्या आधी काढून ठेवायचं नाही.

ताई सी-१०२: डब्यावर तिरपे पट्टे दिसले तर वाचल्याशिवाय चढू नका, तो फर्स्ट क्लास किंवा लेडीज असतो. सेकंडचं तिकीट घेऊन फर्स्टमध्ये सापडलात तर दंड. एसी लोकललाही हे तिकीट चालत नाही. बाबांचा हॉस्पिटलचा दाखला हाताशी ठेवा, कर्करुग्णांना दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं. तो डबा कुठे लागतो ते प्लॅटफॉर्मवर लिहिलेलं असतं, तिथेच उभ्या राहा.

नाना ए-१०१: एवढं सगळं करण्यापेक्षा एसटी.

काका ए-३०४: नाना, डोंबिवलीला एसटीने नेता का त्यांना आता?

नाना ए-१०१: मी चांगल्यासाठी सांगतो. ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं.

वहिनी बी-२०३: नाना, रागावू नका. पुढच्या खेपेला बाबा जरा बरे असले तर एसटीनेच नेते.

ताई सी-१०२: सवलतीचं कोणी सांगितलं नाही. कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण माफी, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून सही-शिक्क्यानिशी घ्यायचा आणि तिकीट खिडकीवरच काढायचं. मंगळवारी डॉक्टर झाले की तिथेच मागून घ्या, पुढच्या तारखेला लागेल.

वहिनी बी-२०३: हे माहीतच नव्हतं, बरं झालं. परतीचं काढलंय, गुरुवारची तुतारी. गुरुवारी रात्री नणंदेचा मुलगा दादरला सोडायला येतोय.

भाई सी-३०२: वहिनी थांबा. तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. गुरुवारचं तिकीट म्हणजे बुधवारी रात्री निघायचं. गुरुवारी रात्री गेलात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असेल. आणि डोंबिवलीहून दादरला जाताच कशाला? ही गाडी ठाण्याला थांबते. बोर्डिंग, म्हणजे चढायचं स्टेशन, ठाणे करून घ्या, आजच. मग बुधवारी जेवून डोंबिवलीहून ठाण्याला या, त्या वेळी त्या बाजूला गर्दी नसते.

वहिनी बी-२०३: अगं बाई! नणंदेला आत्ताच फोन लावते.

सेक्रेटरी: बोर्डिंग जमत नसेल तर तिकिटाचा फोटो मला पाठवा, मी करून देतो.