शब्दचर्चा : ‘सायकोबिचेस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
स्काय आर्ट्स या ब्रिटिश वाहिनीवर २०१२ साली एक सुटा भाग आला होता, २०१३-१४मध्ये त्याची मालिका झाली. नाव ‘सायकोबिचेस’. रेबेका फ्रंट मानसोपचारतज्ज्ञ असते आणि तिच्यासमोर नामांकित बायका एकेक येऊन बसतात. ज्युलिया डेव्हिसने केलेली अमेरिकी कवयित्री सिल्व्हिया प्लाथ तर विचारूच नका : सुरुवात गंभीर, आणि बघता बघता ब्रिटिश विनोदी कवयित्री पॅम एअर्सच्या थाटातली खुसखुशीत यमकं! आमच्या वाचनगटाच्या अंकासाठी ओळख लिहितेय. संपादकांना नाव मराठीतच हवंय. ‘वेड्या बायका’ सोडून काहीही सुचवा.

उत्तर
‘ठाणे व्हाया येरवडा’. नागपूर-रत्नागिरीवाल्यांनी रागावू नये, मनोरुग्णालयं तुमच्याकडेही आहेत, पण गावाचं नावच टोमणा होण्याचा मान या दोघांचा.

उत्तर
ताई, आधी ‘सायको’चं बघू. तो आता मराठीच झालाय. ‘सायको आहे तो, नादाला लागू नको’ असं कॉलेजातली पोरं सर्रास म्हणतात. पण त्यात भीती आहे. कधी काय करेल नेम नाही, असा माणूस म्हणजे सायको. मनाने खचलेल्या माणसाला कुणी सायको म्हणत नाही. ‘चक्रम’ निरुपद्रवी, ‘भ्रमिष्ट’ची कीव येते. ‘विक्षिप्त’ला तर चक्क प्रतिष्ठा आहे, पण ती पुरुषांपुरती. प्राध्यापक विक्षिप्त असतात. त्यांची बायको तशीच वागली तर तिच्या ‘डोक्यावर परिणाम झालाय’. ‘वेडी’ सगळ्यात लवचिक : ‘अगं वेडे’ लाडाचं, ‘गाण्याची वेडी’ कौतुकाचं, ‘ठार वेडी’ निकालात काढणारं. ‘मनोरुग्ण’ मात्र दवाखान्याच्या कागदावरच राहू दे, विनोदाच्या शीर्षकात तो अंगावर येतो.

खरी गंमत उत्तरार्धात, म्हणजे ‘बिचेस’मध्ये आहे. ‘कुत्री’ हे शब्दाला शब्द झालं, धार गेली. बायकांसाठी मराठीत खास ठेवणीतला माल आहे : सटवी, भवानी, महामाया, कैदाशीण, अवदसा, जहांबाज. पहिल्या तिघी देवता आहेत हो! बाळाच्या पाचवी-सहावीला कपाळी नशीब लिहून जाते ती सटवी, आणि भांडणात उद्धार होतो तोही सटवीचाच. दुकानदार सकाळची पहिली विक्री झाली की पैसे कपाळाला लावून ‘भवानी झाली’ म्हणतो. त्याच घरात सून उशिरा आली की ‘आली भवानी!’ या कार्यक्रमातल्या बायकांचंही तेच आहे : एकीकडे मखरात, दुसरीकडे चव्हाट्यावर. म्हणून माझं मत ‘महामाया’ला. आकारान्त तत्सम, एकवचन-अनेकवचन सारखंच, त्यामुळे एक आली काय नि दहा आल्या काय, शीर्षक बदलायला नको.

उत्तर
‘महामाया’ झकास आहे, पण त्यात मन कुठाय? वैद्यांच्या पोतडीतला एक शब्द देतो : योषापस्मार. हिस्टेरियाला आयुर्वेदवाले हा शब्द वापरतात. योषा म्हणजे स्त्री, अपस्मार म्हणजे फेफरं. मूळ ग्रीक शब्दही गर्भाशयावरूनच आलाय. बाई आणि बिघाड, दोन्ही एका समासात! अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९८०च्या निदानसूचीतून हिस्टेरिया काढून टाकला, आपल्याकडे शब्द टिकून आहे. शीर्षक म्हणून काढ्याच्या बाटलीवरचं वाटेल, ते वेगळं.

उत्तर
एक बारीक मुद्दा. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हटलं की आपल्याकडे गोळ्या लिहून देणारे डॉक्टर डोळ्यांसमोर येतात. ही बाई समोरचीला बोलतं करते, ऐकून घेते. ‘समुपदेशक’ बरा, जरी त्याला शाळेतल्या दहावीच्या मार्गदर्शनाचा वास येत असला तरी. आणि ‘बायका’ म्हणताना जपून, त्यात हॉलिवूडची नटी जोन क्रॉफर्ड झालाय मार्क गेटिस हा पुरुष नट, तिच्याशी खुन्नस असलेल्या दुसऱ्या नटीच्या, बेटी डेव्हिसच्या भूमिकेत फ्रान्सेस बार्बर. त्या दोघींना एका खोलीत बसवायचं म्हणजे समुपदेशकालाच समुपदेशक लागेल.

उत्तर
देवीचं नाव विनोदाला वापरलं म्हणून कुणी चिडलं तर? आमच्या सोसायटीच्या अंकात एकदा ‘चंडिका’ शब्दावरून तीन बैठका झाल्यात.

मूळ प्रश्नकर्ती
चिडणाऱ्यांना सांगेन की शिवी त्यांच्या आजीनेच घडवली, मी फक्त छापतेय. संपादकांशी बोलले. वर ‘सायकोबिचेस’ देवनागरीत, खाली ‘महामाया आणि त्यांची समुपदेशक’. योषापस्मार लेखात घेते, चौकटीत. आता एक राहिलं : मालिकेत येणाऱ्या त्या तिघी इंग्रज लेखिका बहिणींचं आडनाव ‘ब्रॉन्टे’ लिहायचं की ‘ब्राँटी’? मुद्रितशोधक उद्या पानं मागतोय.