इंदूर: तीन नोडच्या इलॅस्टिकसर्चवर लक्ष ठेवायला हलकं काही सुचवा

विजयनगरकर: इलॅस्टिकसर्च ७ (डेटा साठवून त्यात शोध घेणारं सॉफ्टवेअर), तीन नोड म्हणजे तीन मशीन, प्रत्येकी ८ जीबी. कुठला नोड पडला, डिस्क किती भरली, शार्ड (डेटाचे तुकडे) कुठे बसलेत, एवढं ब्राउझरमध्ये दिसलं की पुरे. बजेट शून्य. नवं मशीन मिळणार नाही, शेटजींना विचारून झालंय.

जुना_सरवटे: कॉप्फ टाका, हे सगळं ब्राउझरमध्ये दाखवतं. एका ओळीत प्लगिन बसतं, वेगळा सर्व्हर नको. मी इलॅस्टिकसर्च १.७ वर तीन वर्षं चालवलं, एकदाही रडवलं नाही.

पोहे_जिरावण: काका, साइट प्लगिनच (कॉप्फसारखी, इलॅस्टिकसर्चच्या आत चालणारी पानं) ५.० मध्ये बंद झाली, २०१६ साली. कॉप्फवाल्याचंच सेरेब्रो आहे, ते घ्या. पोर्ट ९०००. फक्त वेगळं चालवावं लागतं.

जुना_सरवटे: म्हणून तर मी ५ वर गेलोच नाही.

नोडबाधा: किबाना लावा, आलेख झकास दिसतात. त्याच्यासाठी १६ जीबीचं एक मशीन घ्या. आम्ही तर ३२चं घेतलं.

विजयनगरकर: बजेट शून्य लिहिलंय हो.

नोडबाधा: मग ८चं घ्या.

छप्पनवाली: सेरेब्रोच. पण ९२०० हे इलॅस्टिकसर्चचं पोर्ट बाहेर उघडं ठेवू नका. 'दोनच दिवस' म्हणत मी हेडसाठी (असंच एक पाहणीचं टूल) कॉर्स (दुसऱ्या साइटवरच्या पानाला उत्तर द्यायची परवानगी) चालू केलं, फायरवॉलही उघडली. तिसऱ्या दिवशी सगळे इंडेक्स (डेटाचे संच) साफ. एकच उरलेला, त्यात बिटकॉइन मागणारी चिठ्ठी. बॅकअप? विचारू नका.

रात्रपाळी: काहीही लावा, पण स्थितीचा रंग पिवळा दिसला तर घाबरू नका. पिवळा म्हणजे एखादी रेप्लिका (शार्डची प्रत) बसलेली नाही, डेटा शाबूत असतो. लाल झालं तर पळा, प्रायमरी (मूळ शार्ड) गेलीय. खरा जीव डिस्क घेते. ८५ टक्के भरली की त्या नोडवर नव्या रेप्लिका बसत नाहीत, ९० ला इलॅस्टिकसर्च असलेले शार्ड दुसरीकडे हलवायला लागतो, ९५ ला त्यावर शार्ड असलेले इंडेक्स फक्त वाचण्यापुरते उरतात. आम्हाला हे सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) गराडू (तळलेला कंद) खाताना फोनवर कळलं.

पोहे_जिरावण: गराडू छप्पन दुकानलाही बरा मिळतो.

रात्रपाळी: भिया, धाग्याचा विषय काय आहे?

छप्पनवाली: सराफ्यासारखा नाहीच. आणि हो, सेरेब्रोच.

विजयनगरकर: सगळ्यांचे आभार. यातलं काहीच लावलं नाही. दर पाच मिनिटांनी क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा) 'कॅट हेल्थ' आणि 'कॅट ॲलोकेशन' या इलॅस्टिकसर्चच्या स्थिती आणि डिस्क सांगणाऱ्या पत्त्यांना कर्ल मारतो (कमांडने विचारतो), उत्तर एका साध्या एचटीएमएल पानात टाकतो. कुठलीही डिस्क ८०च्या वर गेली की पान तांबडं. ते पान आमच्या आतल्या नेटवर्कवरच उघडतं. वीसेक ओळींत काम झालं, मांजरच पाळली म्हणा.

जुना_सरवटे: कॉप्फमध्ये हे सगळं आधीपासून होतं.