नकाशा लाल दिसला म्हणून मतदार आळशी ठरतो का?

डोंबिवली जलद:
'आकडेमोड' या सदस्यांनी 2024च्या विधानसभा निवडणुकीतील मतदानाच्या टक्केवारीचा नकाशा या चर्चामंचावर टाकला. त्यात सुमारे 44 टक्के मतदानाचा कुलाबा लाल, 70 टक्क्यांच्या वर गेलेला गडचिरोली जिल्हा हिरवा, आणि वर मथळा 'शिकलेले घरी, आदिवासी रांगेत'. गडचिरोलीत मतदान दुपारी 3 वाजताच संपते, तरीही तिथले लोक आम्हाला मागे टाकतात, याचे कौतुक मलाही आहे. परंतु टक्केवारी हा भागाकार असतो आणि त्याचा छेद मतदारयादीतून येतो. आमच्या इमारतीच्या यादीत घर विकून गेलेले, परदेशी स्थायिक झालेले आणि वारलेले असे सगळेच आजही मतदार आहेत. ते आले नाहीत म्हणून आम्हाला आळशी ठरवायचे असेल, तर खुशाल ठरवा.

आकडेमोड:
यादी फुगलेली आहे हे कोणी नाकारलेले नाही. मात्र ती सर्वत्र सारखी फुगलेली नाही आणि कुठे किती फुगली आहे हे पाहण्यासाठीच नकाशा लागतो. केंद्रनिहाय मतदान, वयोगट आणि भाडेकरूंचे प्रमाण एकत्र ठेवले, तर कुठे नावे वगळायची, कुठे नवमतदारांचे अर्ज भरून घ्यायचे आणि कुठे केंद्रच जवळ आणायचे, हे वेगळे काढता येते. मुंबई, ठाणे, पुण्यातील मोठ्या गृहसंकुलांच्या आवारात 2024 मध्ये केंद्रे दिली गेली, त्यामागे हाच विचार होता. 'आमच्या इमारतीत' हा काही पुरावा नव्हे.

निवृत्त गुरुजी:
वयोगट आणि भाडेकरू आपण कोणत्या आकड्यांवरून रंगवणार आहात? हाती असलेली जनगणना 2011ची आहे. त्या वेळी जिथे चाळ होती तिथे आज टॉवर उभा आहे, आणि जनगणनेचे गट व मतदान केंद्राची हद्द तर कधीच जुळत नाहीत. मी शाळा सांभाळून बीएलओचे, म्हणजे घरोघरी जाऊन मतदारयादी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचे, काम केले आहे. संकुलाच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक आत सोडत नसे, आणि आत गेलोच तर मृताचे नाव वगळण्यासाठी फॉर्म 7 भरायला घरचे राजी नसत. 'असू द्या, तेवढीच आठवण,' असे एका बाईंनी सांगितल्यावर मी काय बोलणार होतो? हे कोणत्या रंगात दाखवाल?

शिरूर कासार:
आपल्या टॉवरांतून थोडे बाहेर या. 2024 मध्ये गळीत हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान 20 नोव्हेंबरला होते; आमच्या बीडकडचे ऊसतोड मजूर तेव्हा गाव सोडून फडात होते. आमच्या वस्तीवरच्या काहींना उमेदवाराच्या माणसांनी गाड्या पाठवून आणले, जो कायद्याने भ्रष्ट आचार आहे. पण त्यामुळे नकाशात आमचे गाव हिरवे दिसते. स्थलांतरितांना आहेत तिथूनच मत देता यावे यासाठीचे दूरस्थ मतदान यंत्र दाखवायला निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये पक्षांना बोलावले, विरोध झाला आणि विषय तिथेच राहिला. त्याहून वाईट म्हणजे फॉर्म 20 या निकालपत्रकावरून कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली हे जगजाहीर होते. आमच्या वस्तीने 'चुकीचे' मत दिले, तेव्हापासून मंजूर रस्ता कागदावरच आहे.

आकडेमोड:
मी मतदान किती झाले याबद्दल बोलत आहे, कोणाला झाले याबद्दल नाही. कृपया धागा भरकटवू नका.

शिरूर कासार:
ज्याच्या दारात चिखल आहे त्याला हे विषयांतर वाटत नाही, साहेब. आपण रंग भरता, त्याची किंमत आम्ही मोजतो.

डोंबिवली जलद:
इथे मी शिरूर कासारांच्या बाजूने आहे. मतपत्रिका होत्या तेव्हा त्या केंद्राकेंद्रांच्या मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रे आल्यावर ती गेली. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये दिला, विधी आयोगाने 2015 मध्ये त्याची शिफारस केली, आणि तरीही मोजणी केंद्रनिहायच चालू आहे. हे आधी मिटवा, मग लोकांच्या वस्त्या रंगवा.

आकडेमोड:
ठीक आहे, टोटलायझर यावा. त्याला माझी हरकत नाही आणि कधी नव्हती. पण माझा नकाशा पाहून आपले रस्ते अडले, असे भासवणे हा कांगावा आहे. प्रत्येक पक्षाच्या बूथप्रमुखाकडे कोणत्या घरात कोण, कोणत्या जातीचे, कोण बाहेरगावी, याची यादी निवडणुकीआधीच तयार असते. ती माहिती फक्त सामान्य नागरिकाकडे आणि मतदान वाढवू पाहणाऱ्या संस्थेकडे नसते. नकाशा बंद केल्याने नेमके कोणाचे फावेल, याचाही विचार करा.

निवृत्त गुरुजी:
शेवटचा मुद्दा मला नाइलाजाने पटतो. आमच्या यादीपेक्षा कार्यकर्त्यांच्या वहीत अधिक ताजी माहिती असे, हे मी पाहिले आहे.

डोंबिवली जलद:
पटला तर पटला. म्हणून तो मथळा माफ होत नाही. आपल्याला रंगवायचेच असेल तर नावे वगळण्याचे आणि पत्ता बदलण्याचे किती अर्ज प्रत्येक केंद्रावर पडून आहेत, ते रंगवा, आणि तेही दहा-बारा केंद्रे एकत्र करून, म्हणजे एखादी वस्ती उघडी पडणार नाही. तेवढे केलेत, तर आमच्या इमारतीत दारे ठोठावायला मी स्वतः बरोबर येईन. सुरक्षारक्षकाशी मात्र आपणच बोला.