वादळानंतर फिलिपिन्समधल्या निवाऱ्यात मानसिक आधार: पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं?

दावाओकर
दावाओत मेडिकलला शिकणाऱ्या आम्हा काही मराठी मुलांना एका स्थानिक संस्थेने स्वयंसेवक म्हणून घेतलंय. सामार आणि लेयते बेटांवर मोठं वादळ आलं की निवाऱ्यांमध्ये मानसिक आधाराचं काम करायचं. हातात दिलेल्या आराखड्यात तिसऱ्या दिवशी 'डीब्रीफिंग' आहे. पंधरा-वीस जणांना गोल करून बसवायचं आणि वादळाच्या रात्री काय पाहिलं ते एकेकाला सांगायला लावायचं. लगेच सगळ्यांकडून एसआरक्यूचे, म्हणजे मानसिक त्रास चाचपणाऱ्या प्रश्नावलीचे, २० प्रश्न भरून घ्यायचे. हे बरोबर आहे का? ज्यांची माणसं सापडलीच नाहीत त्यांच्याशी काय बोलावं? दावाओत बोलली जाणारी बिसाया भाषा बऱ्यापैकी येते, तेवढ्यावर भागेल का?

निवारा_समन्वय
डीब्रीफिंग आराखड्यातून काढायला लावा. त्रास कमी करण्यासाठी असं एकाच बैठकीतलं डीब्रीफिंग करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. तिसऱ्या दिवशी माणसाचं शरीर अजून धोक्याच्याच पवित्र्यात असतं. तेव्हा सगळं वदवून घेतलं तर तो प्रसंग आणखी पक्का बसू शकतो, आणि शेजारच्याच्या वाट्याचं भयही याच्या डोक्यात जाऊ शकतं. वर रात्री सगळ्यांना त्याच फरशीवर शेजारी-शेजारी झोपायचं असतं. चारचौघांत रडल्याची लाज वाटून माणूस दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला टाळायला लागतो.

त्याऐवजी प्राथमिक मानसिक मदत: बघा, ऐका, हव्या त्या मदतीशी जोडून द्या. पहिल्या दिवशी पालिकेच्या समाजकल्याण अधिकाऱ्याकडे आणि बरांगायच्या (तिथल्या सर्वांत लहान प्रशासकीय वस्तीच्या) कॅप्टनकडे नोंद करा. आधी कोणती पथकं येऊन गेली ते विचारा. हे चुकलं की एकाच बाईला चार संस्था तेच प्रश्न विचारतात. बरांगायच्या आरोग्यसेविका आणि अंगणवाडीसारख्या डे-केअरच्या शिक्षिका तुमच्यासोबत हव्यातच. कोणाच्या घरी काय झालंय ते त्यांना ठाऊक असतं आणि तुम्ही गेल्यावरही त्या तिथेच असतात. मात्र त्यांचीही घरं गेलेली असतात, म्हणून त्यांच्या पाळ्या लावा आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी द्या.

'मानसिक आरोग्य' असा फलक लावू नका, कुणी फिरकणार नाही. टेबल पाण्याच्या रांगेजवळ ठेवा. त्यावर मोबाइल चार्जिंगची सोय, बेपत्ता लोकांची यादी आणि समाजकल्याण खात्याचं कुटुंब-मदत कार्ड हरवलं असेल तर कुठे जायचं त्याची माहिती असू द्या. या टेबलापाशी माणसं आपण होऊन बोलतात. पहिला प्रश्न 'कसं वाटतंय?' असा नको, उत्तर 'ओके लांग' (ठीक आहे) एवढंच येईल. 'रात्री झोप लागली का? मुलं जेवतात का? घरचे सगळे भेटले का?' असं विचारा. घर बांधून मिळेल, पैसे येतील असली आश्वासनं चुकूनही देऊ नका.

एसआरक्यू पहिल्या दोन आठवड्यांत अजिबात नको. डोकेदुखी, झोप, भूक, थकवा यांवर त्यात बरेच प्रश्न आहेत. पत्र्याच्या छपराखाली, उकाड्यात पुठ्ठ्यावर झोपणारा कोणीही त्यांना 'हो' म्हणेल. अर्धा निवारा आजारी दिसतो आणि ज्याला खरंच उपचार हवेत तो त्या गर्दीत हरवतो.

निवारा म्हणजे बहुतेकदा छप्पर असलेलं बास्केटबॉल कोर्ट. तिथे एकाच वस्तीतली घरं जवळजवळ बसवा, ताडपत्रीचे आडोसे करा, बायकांची स्वच्छतागृहं वेगळी ठेवा आणि तिथपर्यंतच्या वाटेवर दिवा लावा. आयएएससी या मदतसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००७ च्या मार्गदर्शिकेतल्या चार थरांच्या पिरॅमिडचा तळ हाच आहे. सुरक्षितता नसेल तर वरचं समुपदेशन फुकट जातं. शाळेत निवारा असेल तर तो किती दिवस चालणार ते आधीच विचारा. २०१६ च्या मुलांविषयीच्या कायद्याने शाळांच्या अशा वापरावर मर्यादा घातली आहे. अचानक हलवाहलव झाली की सांधत आलेली माणसं पुन्हा विस्कटतात.

मनोविकार_विभाग
मुळात आजारी असलेल्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून एवढंच लिहितो. पहिल्या ४८ तासांत आरोग्यसेविकेला विचारा: या बरांगायमध्ये स्किझोफ्रेनियाचे, फिट्सचे रुग्ण कोण, औषध कुठलं, शेवटचा डोस कधी? औषधं घराबरोबर वाहून गेलेली असतात. फिट्सवरचं फेनोबार्बिटाल एकदम बंद झालं तर फिट्सवर फिट्स येऊन जीव जाऊ शकतो. स्किझोफ्रेनियासाठी फ्लुफेनाझिनचं महिन्याचं इंजेक्शन घेणारा रुग्ण पहिले दोन आठवडे ठीक दिसतो आणि नंतर बिघडतो, म्हणून तारीख लिहून ठेवाच. औषध मिळण्याची जागा म्हणजे पालिकेचं आरोग्य केंद्र, तिथे आर-एच-यू म्हणतात.

झोप येत नाही म्हणून डायझेपाम वाटत सुटू नका. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात आघाताच्या त्रासासाठी बेन्झोडायझेपिन (डायझेपामच्या गटातलं औषध) देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा सल्ला आहे. अपवाद लक्षात ठेवा. रोज तुबा (नारळाची माडी) किंवा रम पिणाऱ्याची दारू निवाऱ्यात एकदम तुटते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हात थरथरणं, घाम, भास सुरू होतात. लोक त्याला वादळाचा धक्का म्हणतात. हा वैद्यकीय तातडीचा प्रसंग आहे. त्याला डायझेपाम लागतंच, सोबत थायमिन (ब१ जीवनसत्त्व), तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली. तुम्ही विद्यार्थी आहात, तेव्हा ओळखा, पोचवा, स्वतः औषध देऊ नका.

जीव द्यायची भाषा ऐकली तर स्पष्ट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. माणसाला एकटं सोडू नका. राष्ट्रीय मानसिक आरोग्य केंद्राची हेल्पलाइन १५५३ आहे, पण वादळानंतर टॉवर पडलेले असतात. तिच्यावर विसंबू नका, आर-एच-यूपर्यंतची गाडी आधीच ठरवून ठेवा.

लेयते_अभ्यासक
भाषेचं आधी सांगते. लेयतेच्या पश्चिमेला ओर्मोककडे बिसाया चालेल. लेयतेतल्या टाक्लोबानमध्ये आणि सामारच्या बऱ्याच भागात वाराय ही वेगळी भाषा बोलतात. बिसाया समजेल, पण दुःख बोलायला माणसाला घरची भाषा लागते. दुभाष्या स्थानिकच घ्या आणि तो त्याच घरातला नसावा. मुलाला आईच्या बोलण्याचा दुभाष्या करणं तर सर्वांत वाईट.

लोक हसतील, विनोद करतील, तुम्हालाच आग्रहाने जेवू घालतील. ते सावरलेत असं समजू नका, आणि आतून मोडलेत असंही गृहीत धरू नका. दिवसभराचं वागणं पाहा. रांगेला येत नाही, आंघोळ सोडली, मुलाकडे पाहत नाही, अशा माणसाच्या शेजारी जाऊन बसा. हातात काम द्या: तांदूळ निवडणं, मुलांचा खेळ लावणं, फलक रंगवणं. मदत घेणाऱ्याच्या जागी कायम बसून राहणं तिथे फार जड जातं.

बेपत्ता माणसांबद्दल. योलांडा हे महावादळ (जगात 'हैयान' म्हणून ओळखलं जाणारं) ८ नोव्हेंबर २०१३ ला आलं. सरकारी आकडा ६,३०० मृतांचा, शिवाय हजारांहून अधिक बेपत्ता. टाक्लोबानच्या सामूहिक दफनभूमीत पांढऱ्या क्रुसांच्या रांगा आहेत. खाली नेमकं कोण आहे ते ठाऊक नसताना घरच्यांनी त्यातला एक क्रूस निवडून त्यावर आपल्या माणसाचं नाव लिहिलं. तेव्हा 'आता स्वीकारा' किंवा 'आशा सोडू नका' यांपैकी काहीच बोलू नका, दोन्ही खोटं ठरू शकतं. 'त्यांचं नाव काय होतं?' असंही नको, 'होतं'मध्ये निकाल लागून जातो. 'त्यांचं नाव सांगा' म्हणा आणि ऐका. मृतासाठी नऊ दिवसांची प्रार्थना आणि चाळिसावा दिवस करतात. देह नसेल तर ते करायचं की नाही यावरून घरात ताण येतो. तो निर्णय कुटुंबाचा, सोबत पाद्रीबाबांची. तुमचं काम जागा, मेणबत्त्या आणि शांतता मिळवून देण्याचं. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, उंदास या मृतांच्या स्मरणाच्या सणाला, ही घरं पुन्हा हलतात, तेव्हा कुणीतरी जायला हवं.

मृत्यूच्या दाखल्याचा प्रश्नही लगेच उभा राहतो. अशा संकटात बेपत्ता झालेला माणूस सिव्हिल कोडप्रमाणे वारसाच्या कामासाठीसुद्धा चार वर्षांनी मृत धरला जातो. बायकोला हे कोणी सांगितलेलं नसतं. पालिकेच्या नोंदणी कार्यालयात जाताना तिच्यासोबत जा, तोही मानसिक आधारच.

दावाओकर
सगळ्यांचे आभार. डीब्रीफिंग आणि चाचणी दोन्ही काढायला सांगतो. महिन्यानंतरही त्रास राहिलेल्यांचं काय करायचं? आणि पुढचं वादळ आलं तर?

निवारा_समन्वय
महिन्यानंतरही प्राथमिक मदतच देत राहणं ही नेहमीची चूक आहे. योलांडानंतर फिलिपिन्सच्या मानसशास्त्र संघटनेच्या लोकांनी 'काटाटागान' नावाचा सहा सत्रांचा गट-कार्यक्रम याचसाठी बनवला: आपली बलस्थानं, शरीराच्या प्रतिक्रिया, विचार-भावना, रोजची उपयोगी कामं, अडचणींवर उपाय आणि आधार, पुढचं नियोजन. आठ-दहा जणांचा गट ठेवा, चालवणारा प्रशिक्षितच हवा. कामावर जाणं, मुलं सांभाळणंच जमत नसेल तर गटाची वाट न पाहता आर-एच-यूकडे पाठवा.

वादळाचं म्हणाल तर पागासाचा (तिथल्या हवामान खात्याचा) सिग्नल १, म्हणजे सर्वांत खालचा इशारा, लागला तरी काहींचे हातपाय गार पडतात. योलांडानंतर तेरा महिन्यांनीच, डिसेंबर २०१४ मध्ये, रुबी वादळ पूर्व सामारमध्ये डोलोरेसला धडकलं आणि त्याच लोकांना पुन्हा घर सोडावं लागलं. प्रत्येक घराची यादी कोरड्या दिवशीच करून घ्या: कुठल्या सिग्नलला निघायचं, कोणासोबत, म्हाताऱ्याला कोण उचलणार, पिशवीत १५ दिवसांची औषधं आणि कुटुंब-मदत कार्ड. सराव एकदा चालून करा, नुसता बोलून नको. चालताना कोण कुठे अडतं ते दिसतं आणि त्याची जोडी तिथेच बदलून देता येते.