बंब लाकडं खातो की नळी तुंबलीय?

वर ताईंनी लिहिलंय की थंडीत पाणी तापवायचा बंब नुसती लाकडं खातो, त्यापेक्षा गीझर परवडला. गीझरचंही तसं स्वस्त नाही. २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला जवळजवळ एक युनिट जातंच, आता माणसं मोजा घरातली. आणि बंबाचं म्हणाल तर आधी मधली, जाळाची नळी बघा की. आमच्या खानापूरकडं लाकडाबरोबर काजूची टरफलंही जाळतात. पेटतात झकास, पण टरफलात तेल असतं, त्याचा चिकट, डांबरासारखा काजळीचा थर नळीला आतून धरतो. काजळीतून उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, वर भोक बारीक झाल्यानं हवा ओढली जात नाही. मग जाळ धुमसतो, धूर न्हाणीत, आणि आपण आणखी चार ढलप्या टाकतो!

गेल्या डिसेंबरात मी बंब गार असताना वेळूच्या काठीला काथ्या गुंडाळून नळी घासली. खालच्या जाळीतून अर्धं घमेलं काळं निघालं. जाळीत अडकलेले खिळेही काढले (जुन्या खोक्यांच्या फळ्या जाळायची हौस). दुसऱ्या दिवशी निम्म्या लाकडात पाणी कढत. तेव्हापासून दर पंधरवड्याला घासतो, टरफलं फक्त पेटवणापुरती. एक मात्र आधी करावं लागलं. वारं येतं म्हणून आईनं न्हाणीचा झरोका गोणपाटानं बुजवला होता, तो मोकळा केला. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वासही नसतो.