मदत हवी आहे : रेसोरुफिन शेजारच्या थेंबांत झिरपतंय

नमस्कार मंडळी. एचएफई-7500 या फ्लोरिनयुक्त तेलात पाण्याचे बारीक थेंब करून त्यांत एन्झाइमची अभिक्रिया चालवते आहे. तयार होणारं रेसोरुफिन हे रंगद्रव्य चमकतं, त्यावरून मोजमाप. पण भरलेले आणि कोरे थेंब एकत्र ठेवले की काही तासांत कोरेही लालसर चमकू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकही थेंब फुटलेला दिसत नाही, म्हणजे रेणूच तेलातून पलीकडे जातायत. फ्लोरेसिन हे दुसरं चमकणारं रंगद्रव्य मात्र जागचं हलत नाही. त्यावर विद्युतभार जास्त, त्यामुळे ते तेलात शिरत नसावं.

सर्फॅक्टंट (थेंब एकमेकांत मिसळू न देणारा पदार्थ) पीएफपीई-पीईजी, तेलात 2 टक्के. तो कमी केला तर झिरपणं मंदावतं, पण थेंब एकमेकांत मिसळून जातात. गाडं इथेच अडलंय.

जादा सर्फॅक्टंटचे मायसेल, म्हणजे त्याच्या रेणूंचे सूक्ष्म पुंजके, रेसोरुफिन वाहून नेतात, की त्याच्यामुळे रेसोरुफिनची तेलातली विद्राव्यताच वाढते? हे प्रयोगाने वेगळं कसं काढायचं? पाण्यात बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलं की गळती कमी होते, पण किती टक्क्यांपासून सुरुवात करू, आणि एन्झाइमचा वेग बदलतो का? साखर किंवा सायक्लोडेक्स्ट्रिन (साखरेच्या घटकांचे कड्यासारखे रेणू) घालून कुणी पाहिलंय? रंगद्रव्यच बदलावं असं वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा, प्लीज. पुढचं सगळं काम यावर अवलंबून आहे.