ब्रायडल शॉवरचं आमंत्रण: छापील कार्ड की ईव्हाइट?

एडिसनची मावशी
भाचीचं लग्न ऑक्टोबरमध्ये, इथेच न्यू जर्सीत. सप्टेंबरमध्ये तिचा ब्रायडल शॉवर, म्हणजे लग्नाआधी बायकांनी जमून नवरीला भेटी द्यायचा समारंभ, मी करतेय. (नवरीच्या आईनं शॉवर करणं म्हणजे लेकीसाठी भेटी मागितल्यासारखं, अशी इथली जुनी समजूत. हल्ली बऱ्याच आया करतात, पण ताई म्हणाली तूच कर.) पन्नासेक बायका आहेत: भाचीच्या मैत्रिणी, तिच्या होणाऱ्या सासूबाई आणि त्यांच्या बहिणी, सगळ्या अमेरिकन आणि सत्तरीच्या आसपासच्या, शिवाय आपल्या मराठी मंडळातल्या काकू.

भाची म्हणते, ईव्हाइट, म्हणजे ऑनलाइन आमंत्रण, पाठव आणि मोकळी हो. मला छापील कार्ड हवंय. कारण एकच. शॉवर हा उघडउघड भेटी द्यायचा समारंभ. लग्नाच्या आमंत्रणावर रजिस्ट्रीचा (नवरीनं दुकानात नोंदवलेल्या हव्या त्या भेटींच्या यादीचा) उल्लेख करणं इथे असभ्य मानतात, शॉवरच्या कार्डावर मात्र चालतो. म्हणजे पाहुणीला आपण 'पन्नास डॉलरची वस्तू घेऊन ये' असं जवळजवळ सांगतोच. मग आपण टपालाचं साधं तिकीटही चिकटवू नये? चार ते सहा आठवडे आधी कार्ड पोचायला हवं, तेव्हा मतं लवकर द्या.

भाचीच्या पक्षातली
मावशी, प्रश्न तिकिटाचा नाहीच. कार्ड, पाकीट, छपाई, तिकीट धरून आमंत्रणामागे तीन-चार डॉलर जातात, तेही सोडा. येणार की नाही हे कोण कळवतं? माझ्या नणंदेच्या शॉवरला कार्डावर फोन नंबर छापला होता. निम्म्या जणींनी फोन केलाच नाही. रेस्टॉरंटवाला आठवडाभर आधी पक्का आकडा मागत होता आणि आम्ही दोघी रोज रात्री एकेकीला मेसेज करत बसलो होतो. ईव्हाइटवर कोणी उघडलं, कोणी 'हो' म्हटलं, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, सगळं एका जागी दिसतं. उत्तर न देणाऱ्यांना आठवणही तिथूनच जाते. रजिस्ट्रीची लिंक दाबली की दुकान उघडतं. कार्डावरचा तो लांबलचक पत्ता टाईप कोण करणार?

नाशिकचा काका
आपल्याकडे केळवणाला कार्ड नसतं की लिंक नसते. फोन करायचा, 'बुधवारी जेवायला या', झालं. पन्नास बायकांचा एवढा खटाटोप कशाला?

एडिसनची मावशी
काका, केळवणात घरचे लोक नवरीला जेवू घालतात आणि आहेरही तेच करतात. इथे आहेर पाहुण्यांकडून यायचाय. आणि सासूबाईंच्या बहिणींना मी फोनवर 'जेवायला या' म्हटलं तर त्या विचारतील, तुम्ही कोण?

पेन्सिल्वेनियाची सून
अमेरिकन सासर असलेली इथली मीच असेन बहुधा, म्हणून सांगते. माझ्या सासूबाईंच्या आईनं माझ्या शॉवरचं कार्ड फ्रिजवर लावलं होतं, लग्न होऊन गेलं तरी काढलं नाही. त्या पिढीला टपालातून आलेलं खरं वाटतं. ईमेल आलं तर ते जीमेलच्या प्रमोशन्समध्ये जाऊन पडतं आणि त्या तिथे डोकावतही नाहीत. शिवाय फुकटातलं ईव्हाइट जाहिरातींसकट येतं. तुझ्या भाचीच्या आमंत्रणाशेजारी गादीचा सेल लागलेला आवडेल का? ऑनलाइनच करायचं तर पेपरलेस पोस्ट बरं. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या बहीण-भावानं काढलेलं आहे, पाकीट उघडल्यासारखं दिसतं. चांगल्या डिझाइनला पैसे पडतात, पण दिसायला सभ्य.

कोथरूडची लेक
काकूंच्या बाबतीत वेगळीच अडचण. आमच्या आईनं आता नियमच केलाय: लग्नाचं निमंत्रण म्हणून व्हॉट्सॲपवर काहीही आलं की उघडायचं नाही, आधी फोन करून विचारायचं. २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्यानं लग्नपत्रिका समजून अशी फाईल उघडली आणि खात्यातले जवळपास दोन लाख रुपये गेले. तेव्हापासून ती कुणाच्याही पत्रिकेवर बोट ठेवत नाही.

भाचीच्या पक्षातली
ती एपीके फाईल होती, म्हणजे फोनमध्ये ॲपच बसवलं जातं. ईव्हाइटची लिंक उघडल्यावर काही बसत नाही. दोन्हीची गल्लत नको.

कोथरूडची लेक
तुला कळतं गं. आईला लिंक आणि फाईल सारखीच. फसवणारे नेमकं हेच जाणून असतात.

जुना वाचक
महाराष्ट्रात छापील पत्रिकेचा आणखी एक उपयोग म्हणजे विवाह नोंदणीच्या वेळी ती पुरावा म्हणून मागतात, नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. शॉवरला अर्थात लागू नाही. चालू द्या.

सनीव्हेलचा मामा
एवढं भांडण कशाला? म्हाताऱ्यांना कार्ड, तरुणांना ईव्हाइट. दोन्ही खूश.

पेन्सिल्वेनियाची सून
मामा, तुम्ही मराठी मंडळात कधी गेलेले दिसत नाही. 'तिला कार्ड आलं, मला नुसती लिंक' हे गणेशोत्सवाच्या रांगेत ताट हातात घेऊन ऐकायला मिळतं. कुठली काकू म्हातारी आणि कुठली तरुण, हे ठरवायला तुम्ही या. कार्ड द्यायचं तर सगळ्यांना द्यावं, नाहीतर कुणालाच नको.

कोथरूडची लेक
मावशी, पुण्यातल्या नातेवाइकांना पाठवणार का? आम्हाला यायला जमणार नाहीच, पण कार्ड आलं तर आई हरखून जाईल.

भाचीच्या पक्षातली
मुळीच नको. जो येऊ शकत नाही हे माहीत आहे त्याला शॉवरचं कार्ड म्हणजे फक्त 'भेट पाठव' असा अर्थ निघतो. लग्नाची पत्रिका पाठवा, ती अक्षतांसाठी असते. आणि व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतूनही नको. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही. मग अर्ध्या खानदानाला कळतं आणि उरलेलं रुसतं.

एडिसनची मावशी
ठरवलं. सगळ्यांना छापील कार्ड, कुणालाच वगळून नाही. येण्याचं कळवायला कार्डावर क्यूआर कोड आणि खाली माझा फोन नंबर. कोडमागचं पान आणि रजिस्ट्री भाची सांभाळेल, फोन मी घेईन. चौकोनी पाकीट तिला आवडलं होतं, ते रद्द केलंय. पोस्टाच्या मशीनमधून ते जात नाही आणि प्रत्येकामागे जास्तीचे पैसे पडतात. पुण्याला शॉवरचं काही जाणार नाही, पत्रिका जाईल, ताईच्या सहीची.

भाची अजून म्हणतेच आहे की क्यूआर लावायचाच होता तर कागद कशाला. म्हणू दे. आता सगळ्यांचे पत्ते जमवायचे आहेत, मंडळातल्या दोघीतिघींनी घरं बदलली आहेत.

भाचीच्या पक्षातली
आणि पत्ते कसे मागवणार? व्हॉट्सॲपवरच ना?

एडिसनची मावशी
मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय मेसेज. दोघींनी पत्ता दिला, एकीनं अंगठा दाखवलाय.